लेकीच्या घरचं पाणी

अलोऱ्याच्या कॉलनीतून डोंगराकडे मान वर केली की खांद्यावर कातळाचा एक उघडा, सपाट सडा दिसतो. त्या सड्याच्या कडेला गवळी-धनगरांचा अकरा घरांचा वाडा होता आणि त्यातल्या अगदी शेवटच्या घरात सखू राहायची. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली. तिनं पन्नाशी गाठली तरी वाड्यातल्या म्हाताऱ्या तिला 'नवी' म्हणत. घरात नवरा भागोजी, पाच-सहा म्हशी, आणि दोन मुलं, जी आता घरात नव्हती. मुलगी राही खेडकडे दिली होती आणि मुलगा बाबल्या रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या कारखान्यात लागला होता.

घरांच्या मागे कातळात एक डुरा होता. विहीर म्हणायला लाज वाटावी आणि खड्डा म्हटलं तर डुऱ्याला राग यावा, असा तो. पुरुषभर खोल, चारी बाजूंना जांभा दगड, तळाशी एक झरा. शिमग्याच्या आदल्या दिवशी बायकांनी त्यात उतरून गाळ काढायचा, ही वाड्याची रीत. नव्या सुनेनं पहिलं उतरायचं. सखू पहिल्यांदा उतरली तेव्हा पाणी छातीला लागलं आणि ती केवढ्यांदा तरी किंचाळली. काठावरच्या बायका पोट धरून हसल्या. त्यानंतर दर शिमग्याला ती उतरत राहिली. राही पोटात होती त्या साली पाणी कमरेला होतं. राहीच्या लग्नाच्या साली मांड्यांना. चौऱ्याऐंशी साली गुडघ्याला. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं स्वतःच्या अंगावर बोट ठेवून सांगितलं असतं, कोणत्या साली पाणी कुठं होतं ते. पण विचारलं कुणी नाही. पुरुष डुऱ्यात उतरत नसत, त्यामुळे त्यांच्या लेखी डुरा होता तिथंच होता.

पाऊस कमी झाला होता असंही नाही. ज्या जिल्ह्यात श्रावणात चूल पेटायला मारामार, तिथं चैत्रात तोंड धुवायला पाणी नसतं, हे परक्या माणसाला सांगून पटत नाही. पावसाची चाल बदलली होती, एवढंच. पूर्वी तो चार महिने बैठक मारून पडायचा. आता आठ दिवस कुणी मागं लागल्यासारखा कोसळायचा आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवायचा नाही. सड्याच्या उतारावरची झाडं कोळशाच्या भट्ट्यांत गेली होती. पडलेलं पाणी उघड्या कातळावरून जे निघायचं ते थेट खाडीला जाऊन भेटायचं. डुऱ्याच्या वाट्याला काय राहणार?

भागोजीला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. जनावराच्या बाबतीत त्याच्याएवढं शहाणपण वाड्यात कुणाला नव्हतं. पण त्याच्या बापानं त्याला एक वहिवाट घालून दिली होती. शिमग्यापर्यंत म्हशींना डुऱ्याचं पाणी, शिमगा झाला की घळीत साठलेल्या पाण्याच्या कोंडीवर. बापाचं कधी चुकलं नव्हतं, आणि म्हणून आपलंही चुकणार नाही, अशी त्याची समजूत. पंच्याऐंशी साली डुऱ्याचं पाणी महाशिवरात्रीलाच घोट्याला आलं. सखूनं तीन वेळा सांगितलं, "अवो, म्हशी कोंडीवर न्या." भागोजी म्हणाला, "शिमगा झालाय काय?" खालच्या गावात पालखीचे ढोल वाजेपर्यंत त्यानं म्हशींना अर्ध्या पाण्यावर ठेवलं. आणि ढोल थांबले त्या सकाळी तो त्यांना घेऊन कोंडीवर गेला, तेव्हा कोंडीत पाणी नव्हतं, नुसता चिखलाचा रेंदा होता. त्यांची सगळ्यात म्हातारी म्हैस मोरणी दरवर्षीच्या सवयीनं पुढं झाली आणि पोटापर्यंत रुतली. वाड्यातले सगळे पुरुष दोर घेऊन धावले. दुपारपर्यंत ओढत होते. मोरणी तिथंच गेली.

भागोजी त्या दिवशी जेवला नाही. सखूला त्याचा राग आला होता आणि त्याच्याकडे बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की माणसानं काय करावं? तिनं गोठा झाडून काढला.

बातमी कळून बाबल्या आला. पोरगा वाईट नव्हता. बापाच्या पायाशी बसून म्हणाला, "आबा, हितं काय ऱ्हायलंय? म्हशी इका. माज्या खोलीवर चला. दारात नळ हाय."

"नळाला म्हस बांधता येते काय?" भागोजीनं विचारलं.

"म्हस नकोच ना पण आता!"

भागोजी उठून गोठ्यात गेला. बाबल्या जाताना आईला सांगून गेला, "आणखी एक म्हस अशी मेली तर मी इचारायला येनार नाय. सरळ न्यायला येन." सखूला ठाऊक होतं, तो म्हणतो ते करेल. आणि हेही ठाऊक होतं, की मिरजोळ्याच्या खोलीत भागोजी एक पावसाळासुद्धा काढणार नाही. म्हणजे जे काही करायचं ते तिलाच करायला हवं होतं, आणि ते पुढच्या शिमग्याच्या आत.

सखू रोज सकाळी दुधाची कासांडी डोक्यावर घेऊन डोंगर उतरायची आणि कॉलनीत रतीब घालायची. वाटेत पायथ्याला आनंदीबाईचं घर लागे. आनंदीबाई कुणब्याची बाई, सखूपेक्षा चार वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. नवरा हरिश्चंद्र मुंबईला, शिमग्याला आणि गणपतीला तोंड दाखवणारा. तिच्या घरामागच्या परड्यात एक विहीर होती, जी कधी आटली नव्हती. पण तिचंही दुखणं होतंच. बैल विकल्यापासून घरात शेणखत नाही. पाऊस मध्येच दडी मारू लागल्यापासून भाताची रोपं पिवळी पडून जळत. नुसत्या सरकारी खतानं जमीन कोरडी आणि हावरी झाल्यासारखी वाटते, असं ती म्हणे. ओटीवर टेकून दोघी वीस वर्षं हीच गाऱ्हाणी एकमेकींना सांगत आल्या होत्या.

एके दिवशी सखू बोलता बोलता थांबली आणि विहिरीकडे बघत राहिली.

"वयनी, माज्या म्हशी उन्हाळाभर तुमच्या गोठ्यात बांधल्या तर? शेण तुमचं. सकाळची धार तुमची, सांजची माजी."

आनंदीबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "आजच आण. पण तुजा घोव आयकंल?"

तीच तर अडचण होती. धनगर दुसऱ्याच्या खुंट्याला म्हैस बांधत नाही. निदान त्या वाड्यातले तरी बांधत नव्हते. म्हैस म्हणजे घरची लक्ष्मी. ती परक्या दारात उभी राहिली तर घर मोडलं असं समजत. लक्ष्मीनं दुसऱ्याच्या दारी जायचं ते एकाच कारणानं. लेकीच्या लग्नात आंदण म्हणून. सखू स्वतः आली तेव्हा तिच्यामागून एक पारडी आली होती, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका असलेली. आज गोठ्यात असलेली चांदरी त्याच पारडीच्या वंशातली.

सखूनं हा गुंता आठ दिवस मनात घोळवला. मग एका दुपारी भागोजी दावं वळत बसला होता, त्याच्यासमोर बसून ती म्हणाली, "मी आनंदीबाईला लेक मानते हाय."

भागोजीचे हात थांबले. "कुणाला?"

"आनंदीबाईला. खालच्या."

"ती तुज्याहून मोठी हाय गो!"

"मानायला वय कशाला लागतं? लेक मानली की आंदण आलं. चांदरी तिला देऊ. आणि लेक सासरी जाताना पाठराखीण जाते का नाय? बाकीच्या चार म्हशी पाठराखणीला जातील. पाऊस पडला की येतील माघारी."

भागोजीनं दावं बाजूला ठेवलं. त्याला यात खोट काढायची होती, पण रीत तर सगळी जागच्या जागी होती. तीन दिवस त्यानं ती उलटसुलट तपासली. चौथ्या दिवशी म्हणाला, "पाठराखणीला चार जास्त व्हत नाय?"

"लांबचं सासर हाय," सखू म्हणाली. खरं तर पायथा तासाभराच्या वाटेवर होता.

शहाऐंशीच्या पाडव्याला म्हशी उतरल्या. चांदरीच्या शिंगांना हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि मागून चार पाठराखिणी, ज्यांना पाण्याचा वास लागताच आपण कोणत्या कार्याला आलोय याचा विसर पडला आणि त्या माळेसकट नवरीला ढकलत विहिरीशेजारच्या हौदावर गेल्या. वाड्यातला महिपत सड्याच्या कडेला उभा राहून हा सोहळा बघून हसत होता. आनंदीबाईनं मात्र थट्टा केली नाही. नवं लुगडं नेसून ती सखूच्या पायाशी वाकली. उठताना तिनं गुडघा धरला आणि "आई गं!" म्हणाली.

"बगा," सखू नवऱ्याला म्हणाली, "हाक बी मारली."

सगळे हसले. भागोजीसुद्धा हसला, मोरणी गेल्यापासून पहिल्यांदा. सखूला वाटलं, जिंकलं आपण.

मग आनंदीबाईनं ओटीवर घोंगडी टाकली आणि गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून भागोजीसमोर ठेवला. भागोजीनं गुळाला बोट लावलं नाही. तांब्याला हात जोडले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "पोरी, लेकीच्या घरचं पानी कसं घेऊ?"

सखूनं सगळ्याचा विचार केला होता, एवढं सोडून. बापानं लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, तिला पहिलं मूल होईपर्यंत नाही. राहीच्या लग्नानंतर भागोजी दोन वर्षं खेडला चालत जायचा, जावयाच्या दारात उभ्यानं लेकीला बघायचा आणि शेजारच्या घरी पाणी पिऊन परत यायचा. नातू झाल्याचा निरोप आला त्या दिवशी मात्र तो जावयाच्या घरी एवढं पाणी प्यायला, की व्याही म्हणाले, आता आमच्या म्हशींना राहील ना? आणि इथं लेक कोण, तर चोपन्न वर्षांची आनंदीबाई, जिचे दोन मुलगे मुंबईत नोकरीला होते!

"अवो, तिला मुलं हायत की!" सखू म्हणाली.

"ती आदीची. आपली लेक झाल्यावरची न्हवं."

भागोजीचं असंच होतं. रीत मानायची म्हणजे सबंध मानायची, सोयीपुरती नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सड्यावरून उतरताना भोपळ्याच्या तुंब्यात डुऱ्याचं पाणी घेऊन यायचा, दिवसभर म्हशी पायथ्याच्या उतारावर चारायचा, आणि त्या मजेत विहिरीचं पाणी पीत असताना आपण तुंब्यातून दोन घोट घ्यायचा. संध्याकाळी त्यांना बांधून परत वर. आईलाही तोच नेम लागू होता. पण खरं सांगायचं तर सखूनं पाडव्याच्याच दिवशी, भागोजी म्हशी बांधायला गोठ्यात गेला तेव्हा, विहिरीवर जाऊन दोन तांबे पाणी पिऊन घेतलं होतं. आनंदीबाईनंच ओतलं होतं. पुढंही ती रोज पीत राहिली. नवऱ्याला सांगायचं तिच्या मनात पुष्कळदा आलं आणि प्रत्येक वेळी तिनं ते दुसऱ्या दिवसावर ढकललं.

त्या उन्हाळ्यात एकही म्हैस मेली नाही. आनंदीबाईच्या भातरोपांच्या तरव्याला बैल विकल्यापासून पहिल्यांदा शेण भाजून केलेला राब मिळाला. आर्द्रा नक्षत्रापासून पाऊस अठरा दिवस गायब झाला तेव्हा शेजारची रोपं वाळली आणि तिची तग धरून राहिली. शिवाय तिनं निम्मं बियाणं मागं राखलं होतं, पाऊस फसवतो हे आता गृहीत धरून. पुढं भात कापल्यावर त्याच खतावर तिनं कुळीथ केला आणि एक पायली सखूच्या घरी पाठवली, माहेरी पाठवतात तशी. गणपतीपर्यंत वाड्यातल्या चार घरांना खालच्या गावात मानलेल्या लेकी झाल्या होत्या. त्यात महिपतही होता, आणि त्यानं तर एका विधवा सासूला आणि तिच्या सुनेला, दोघींना लेक मानलं, कारण दोघींच्या दोन विहिरी होत्या.

सत्त्याऐंशीच्या शिमग्याला सखू डुऱ्यात उतरली. पाय टेकले तिथं माती होती. तिनं वाकून हातानं चाचपलं. मातीही कोरडी. वर बायका काठावर उभ्या होत्या आणि त्यांतली कुणीही हसत नव्हती. सखूनं तरी रीतीप्रमाणे एक टोपली गाळ वर दिला. नुसती धूळच होती ती. मग ती काठावर येऊन बसली आणि पदराला डोळे लावून रडली, घरातलं माणूस गेल्यासारखी.

म्हशींची सोय होती. त्यांना पाठराखणीला धाडलं. माणसांनी मात्र डोंगरापलीकडच्या घळीतून पाणी आणायचं, दीड कोस जाऊन, करवंटीनं कळशी भरत. त्या कळशीतून रांधायचं, वाढायचं आणि भागोजीचा तुंबा भरायचा. अर्धाच भरायचा. चैत्र संपता संपता भागोजीच्या ओठांना भेगा पडल्या. तो सावलीत जास्त बसू लागला. एकदा सखूनं मनाशी ठरवलं आणि खाली गेल्यावर त्याचा तुंबा गुपचूप विहिरीवर भरला. भागोजीनं पहिला घोट तोंडात घेतला, तसाच थांबला. त्यानं तो थुंकला नाही, रागावलाही नाही. तुंबा उपडा करून सगळं पाणी चांदरीच्या पायाशी ओतलं.

"ह्ये कातळाचं पानी न्हवं," एवढंच म्हणाला.

सखूला त्याचा एवढा राग आला की हातातली काठी फेकून द्यावीशी वाटली. पण रागाच्या खाली भीती होती. ही युक्ती तिनं काढली होती. म्हशी वाचवायला काढली होती, आणि म्हशी वाचल्या होत्या. जो वाळत चालला होता तो तिचा नवरा होता.

वैशाखात एका दुपारी ती कॉलनीतून परतत असताना भागोजी वाटेत काजूच्या झाडाखाली बसलेला दिसला. तिला बघून उठायला गेला आणि उठू शकला नाही. डोळे आत गेले होते. तुंबा रिकामा. आनंदीबाईचं घर हाकेच्या अंतरावर होतं, विहिरीच्या रहाटाचा आवाजसुद्धा तिथं येत होता. सखू तिकडे वळली तशी त्यानं तिचा हात धरला आणि मान हलवली. मग तीच सड्यावरचं घर गाठून, उरलेली कळशी घेऊन परत आली. दोन तास लागले. तेवढा वेळ तो तिथंच बसून होता.

पाणी पाजून झाल्यावर ती त्याच्याशेजारी बसली. "अवो, चला आता बाबल्याकडं," ती म्हणाली. "मी हारले."

भागोजी रिकामा तुंबा उचलत म्हणाला, "उद्या लेकीला सांगून येऊ."

म्हणजे तोही थकला होता. सखूला वाटलं होतं, तो भांडेल. त्याचं न भांडणंच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खाली उतरली तर आनंदीबाई गोठ्याच्या दारात पदर खोचून उभी. "बरं झालं आलात. चांदरीचं काय खरं नाय." म्हशी सहसा पावसाळ्यात वितात. पण पावसाचाच काळवेळ बिघडल्यावर म्हशीला कोण नावं ठेवणार? चांदरी दिवस भरून आडवी झाली होती आणि रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. भागोजीनं डोक्याचं मुंडासं काढलं. कालचा वाटेत बसलेला माणूस हाच का, असं सखूला वाटलं. त्यानं हाताला तेल चोपडलं, चांदरीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि आत हात घालून मुडपलेला दुसरा पाय सरळ करू लागला. तासभर गेला. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. त्याच्या अंगात घामापुरतं तरी पाणी कुठून आलं, देव जाणे. शेवटी त्यानं दात आवळून ओढलं आणि रेडकू पेंढ्यावर येऊन पडलं. क्षणभर हललं नाही. मग शिंकलं.

पारडी होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका.

भागोजी तसाच खाली बसला, पाठ भिंतीला लावून, डोळे मिटून. आनंदीबाई घरात गेली आणि पितळी तांब्या भरून घेऊन आली. त्याच्यासमोर खाली बसली. तिच्या त्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता, "तुमी दिलेल्या लक्ष्मीला माज्या घरी पोर झालं. नात झाली तुमाला. आता घ्या."

भागोजीनं डोळे उघडले. पारडीकडे बघितलं. चांदरी तिला चाटत होती. त्यानं पुन्हा एकदा सगळी रीत मनात तपासली असावी. मग त्यानं तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि वरून धार धरून प्यायला. थांबला नाही. पाणी गळ्यावरून छातीवर आलं तरी थांबला नाही. आनंदीबाईनं दुसरा तांब्या आणला, तो त्यानं अर्धा संपवला आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा थबकला. उरलेला तांब्या त्यानं सखूपुढं धरला.

"घे गो," तो म्हणाला. "दोन उन्हाळं तू बी माज्याबरोबर सोसलंस. मी कदी बोललो नाय, पर बगत व्हतो."

सखूनं आनंदीबाईकडे बघितलं. आनंदीबाई घाईघाईनं पारडीचं अंग पुसायला लागली होती.

सखूनं तांब्या घेतला. तिनं नवऱ्याकडे पाठ केली नाही. त्याच्यासमोर उभी राहून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, ती ते सगळं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"गोड हाय ना?" भागोजीनं विचारलं.

"हाय," सखू म्हणाली.